भीतीचा पत्ता : ह्यूस्टनचा स्कारफेस आणि आपली समीक्षा

दलित साहित्याची चर्चा करताना आपण अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याचा दाखला वारंवार देतो. हे नाते आपण ओढूनताणून जोडलेले नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे नमूद केले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या नियतकालिकांच्या वाचकाला घरची वाटतात. परंतु हा परिचय पुस्तकांपाशीच थांबला. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब पोरांनी जो रॅप उभा केला, त्याचा साहित्य म्हणून विचार करावा असे आपल्यापैकी फार थोड्यांना वाटले. आंबेडकरी जलशांना प्रस्थापित समीक्षेने वर्षानुवर्षे पंक्तीबाहेर बसविले याची आपल्याला चीड आहे. मग तीच वागणूक आपण दुसऱ्याच्या जलशाला देतो आहोत, हे आपल्या ध्यानात कसे येत नाही?

या लेखात मी एकाच रॅपरविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव ब्रॅड जॉर्डन. लोक त्याला स्कारफेस म्हणून ओळखतात. तो अमेरिकेच्या दक्षिणेकडला, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराचा. त्याच्यावर लिहिण्याचे कारण मात्र इथले आहे, माझ्या वर्गातले आहे. ते आधी सांगतो.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवितो. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला एक कविता वाचायला दिली. कवितेत एक मुलगी वसतिगृहाच्या खोलीत रात्रभर जागी आहे. जिन्यावर पावले वाजली की तिला वाटते, आपल्याला येथून काढून लावायला कोणीतरी आले. कवितेत जात नव्हती, बाबासाहेब नव्हते, कोणाला ललकारही नव्हती. मी तिला म्हणालो, "कविता बरी आहे, पण यात विद्रोह कुठे आहे?" ती म्हणाली, "सर, मला फक्त भीती वाटत होती." आणि कागद घेऊन निघून गेली. पुन्हा तिने मला काही दाखविले नाही.

माझा प्रश्न चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे मला स्कारफेसच्या आधाराने मांडावयाचे आहे.

ह्यूस्टन शहर नीट पाहिल्याशिवाय हा माणूस समजत नाही. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासमधील गुलामांना ती बातमी अधिकृतपणे समजली १९ जून १८६५ रोजी, ह्यूस्टनजवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरात. म्हणजे अडीच वर्षांनी. स्वतंत्र झालेल्या लोकांनी १८७२ साली आपसांत पैसे गोळा करून ह्यूस्टनमध्ये दहा एकर जमीन घेतली, ती मुक्तिदिन साजरा करण्यासाठी. आजही ती जागा 'इमॅन्सिपेशन पार्क' म्हणून उभी आहे. एवढी हिंमत असलेल्या समाजाला शहराने काय दिले? १९७९ साली रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने ह्यूस्टनचा कचरा कोठे जातो याचा शोध घेतला. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी काळ्यांच्या वस्त्यांत होत्या. कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तेथेच होत्या. आणि शहराच्या लोकसंख्येत काळ्यांचे प्रमाण होते सुमारे एकचतुर्थांश! गावाचे मेलेले ढोर कोणाच्या दारात येऊन पडत होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे आकडे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा ह्यूस्टनच्या दक्षिण भागात, साउथ एकर्स या वस्तीत, ब्रॅड जॉर्डन वाढला. जन्म ९ नोव्हेंबर १९७० चा. लहान वयातच त्याला खोल निराशेने ग्रासले. त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्याला मनोरुग्णांच्या विभागात ठेवावे लागले. या गोष्टी त्याने पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितल्या आहेत. शाळा सुटली. हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना, १९८६ साली, खनिज तेलाचे भाव कोसळले आणि तेलावर जगणाऱ्या ह्यूस्टनमध्ये हजारोंचे रोजगार गेले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने अमली पदार्थांचा नवा कायदा केला. काळ्या वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'क्रॅक' कोकेनच्या पाच ग्रॅमला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच शिक्षा भुकटीच्या कोकेनच्या पाचशे ग्रॅमला! ही भुकटी श्रीमंतांच्या मेजवान्यांत चालत असे. शंभरास एक हे प्रमाण २०१० पर्यंत कायम राहिले. त्यानंतरही ते अठरास एक एवढेच खाली आले. या बाजारात ब्रॅड जॉर्डन उतरला. तो धुतल्या तांदळासारखा होता असे त्याने कधी म्हटले नाही आणि मीही म्हणणार नाही.

त्याने नाव घेतले ते १९८३ च्या एका हॉलिवूडपटाचे. त्या चित्रपटात क्यूबातून आलेला एक निर्वासित मादक द्रव्यांच्या धंद्यात वर चढतो आणि गोळ्या खाऊन मरतो. गरीब वस्तीतल्या पोरांना तो नायक वाटला यात नवल नाही. पडद्यावर त्यांच्यासारखा दिसणारा आणि कोणापुढे मान न वाकविणारा माणूस त्यांना दुसरा कोण दिसत होता?

ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या वस्तीतील जेम्स प्रिन्स या तरुणाने १९८६ साली 'रॅप-अ-लॉट' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. रॅप म्हणजे न्यूयॉर्कचा, नाहीतर लॉस एंजेलिसचा, असा तेव्हा दंडक होता. दक्षिणेकडचे उच्चार ओढलेले आणि खेडवळ मानले जात. मराठवाड्यातून विद्यापीठात गेल्यावर माझ्या 'पानी'वर सगळा वर्ग हसला होता. त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. प्रस्थापित प्रकाशक आपले लेखन छापत नाहीत म्हणून आपण आपली नियतकालिके काढली. ह्यूस्टनच्या लोकांनी तेच केले. या कंपनीच्या 'गेटो बॉईज' या चमूत स्कारफेस दाखल झाला. विली डी आणि बुशविक बिल हे त्याचे सोबती. बुशविक बिल जमैकात जन्मलेला, जन्मतः खुजा.

आता ज्या गाण्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे वळतो. १९९१ साली 'वुई कान्ट बी स्टॉप्ड' या संग्रहात त्यांचे 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' हे गाणे आले. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत ते तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेले; ह्यूस्टनच्या रॅपने तोवर एवढी मजल मारलेली नव्हती. पार्श्वभूमीला आयझॅक हेज या काळ्या संगीतकाराच्या जुन्या रचनेतील गिटारची संथ, उदास लकेर आहे. चार कडवी, त्यांतील दोन स्कारफेस म्हणतो. हे गाणे त्याने मुळात स्वतःच्या संग्रहासाठी योजले होते.

गाण्यात घडते ते एवढेच. पैसा आणि दरारा असलेला एक टोळीवाला रात्री एकटा खोलीत बसला आहे. त्याला झोप येत नाही. आपल्या पाळतीवर कोणीतरी आहे असे त्याला वाटते. आणि त्या पाठलाग करणाऱ्याचा पेहराव हुबेहूब त्याच्यासारखा आहे! पुढच्या कडव्यात तो मरणाचा विचार बोलून दाखवितो आणि आपल्या लहान मुलाच्या आठवणीने मागे फिरतो. शेवटच्या कडव्यात बुशविक बिल एका धिप्पाड शत्रूला ठोसे मारतो आहे. भानावर येतो तेव्हा समोर कोणी नसते, रक्ताळलेल्या मुठी तेवढ्या रस्त्यावर आदळत असतात. गाणे येथे संपते. कोणी सुटत नाही, कोणी शिकवण देत नाही.

हे गाणे मी प्रथम ऐकले ते विद्यापीठाच्या वसतिगृहात, खोलीतल्या मित्राच्या संगणकावर. माझे आईवडील ऊसतोडीला जात. घराण्यातला पहिला पदवीधर मी. ते इंग्रजी मला तेव्हा निम्मेही समजले नाही. परंतु त्या आवाजातली गोष्ट समजली, कारण ती माझीच होती. दिवसा मी मोर्चात पहिल्या रांगेत घोषणा देत होतो आणि रात्री दाराची कडी लावली आहे की नाही हे तीन-तीनदा उठून पाहत होतो. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला मी हे भीतभीतच सांगितले. ते म्हणाले, "आपल्या माणसानं घाबरायचं नसतं, बाळा." त्यांनी ते मायेनेच म्हटले. पण त्यानंतर मी ते कोणालाही सांगितले नाही.

येथे समीक्षेचा प्रश्न उभा राहतो. शोषितांच्या साहित्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा केली जाते. पांढरपेशा वाचकाला त्यात माहिती हवी असते : वस्ती कशी, उपासमार कशी, मारहाण कशी. चळवळीला त्यात हत्यार हवे असते : नकार, संताप, आवाहन. दोन्ही मागण्या आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. परंतु दोहोंत मिळून एक गोष्ट बाहेर राहते. ती म्हणजे या माणसाचे मन, रात्री दोन वाजता, कोणी पाहत नसताना. मध्यमवर्गीय नायकाला उगीचच उदास होण्याची मुभा नवकथेने दिली. आमच्या नायकाला उदास व्हायचे असेल तर आधी कारण सिद्ध करावे लागते!

डु बॉइस यांनी १९०३ साली काळ्या माणसाच्या दुभंगलेल्या जाणिवेविषयी लिहिले : तो स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तुच्छतेने पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. स्कारफेसच्या गाण्यातला पाठलाग करणारा स्वतःसारखाच दिसतो, याचा अर्थ येथे लागतो. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण म्हणजे 'बलुतं' (१९७८). तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. पांढरपेशा झालेला दया ऐकणारा, आणि वस्तीतला दगडू बोलणारा, दोघे एकच. दगडू हा दयाची पाठ सोडत नाही. ह्यूस्टनमध्ये मांडणी उलटी आहे. तेथे स्कारफेस हा निर्भय दिसणारा मुखवटा आणि ब्रॅड हा आत घाबरलेला मुलगा. परंतु दोन्हीकडे माणूस एका खोलीत दोन होऊन बसला आहे. 'बलुतं' प्रसिद्ध झाल्यावर आपल्यातल्याच काहींना वाटले की हे घाणेरडे उघड्यावर कशाला मांडायचे. 'आपली दुबळी बाजू दाखवू नये' हा आग्रह आजही गेलेला नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप स्त्रियांचा आहे आणि तो रास्त आहे. १९९० साली गेटो बॉईजचा संग्रह वितरित करायला गेफेन या बड्या कंपनीने नकार दिला. त्या संग्रहात स्त्रीवरील बलात्काराची आणि खुनाची वर्णने चवीने केलेली होती. गेफेनचे सोवळे बेगडी होते. त्याच कंपनीने १९८८ साली गन्स एन रोझेसचे, काळ्यांना उघड शिवी घालणारे गाणे बाजारात आणले होते. परंतु गेफेन ढोंगी ठरल्याने ती गाणी निर्दोष ठरत नाहीत. १९९१ च्या संग्रहाचे मुखपृष्ठही पाहण्यासारखे आहे. बुशविक बिलने प्रेयसीशी झालेल्या झटापटीत गोळी लागून डोळा गमावला होता. त्याला रुग्णालयात त्याच अवस्थेत ढकलगाडीवर बसवून छायाचित्र काढले गेले आणि ते विकले गेले. जखम विकून खपणारा माल तयार करणे, यात बाजार आणि कलावंत दोघेही भागीदार होते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आपल्या घरातल्या पुरुषांचा मार लपविला नाही. बाहेरच्या जुलमाची सबब आतल्या जुलमाला चालत नाही, हा धडा आपण त्यांच्याकडून घेतला असेल तर तो ह्यूस्टनलाही लावला पाहिजे. मी एवढेच म्हणेन : भीतीच्या गाण्यात स्कारफेस आपल्याला सोडून गेलेल्या स्त्रीला आधी शिवी देतो आणि पुढच्याच श्वासात तिच्यावर आपले प्रेम होते अशी कबुली देतो. बढाईच्या गाण्यांत स्त्री म्हणजे वस्तू. भीती कबूल केल्याबरोबर ती पुन्हा माणूस होऊ लागते. हा योगायोग नव्हे. ज्याला स्वतःचे दुबळेपण पाहवत नाही तो ते दुसऱ्यावर, आणि बहुधा आपल्याहून दुबळ्यावर, काढतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मनाविषयी बोलू लागलो की व्यवस्था सुटते. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांची नावे आपल्या मनात ताजी आहेत. अशा मृत्यूंनंतर प्रस्थापितांकडून एक सूर हमखास निघतो : पोरगं मनाने कमकुवत होतं, त्याला संस्था काय करणार? म्हणून आपण मनाचा विषयच नको म्हणतो. हा सावधपणा मला समजतो. परंतु त्याची किंमत जिवंत पोरे मोजत आहेत. जो गेला त्याचे आपण छायाचित्र लावतो. जो अजून खोलीत जागा आहे त्याला बोलायला आपण भाषा देत नाही.

स्कारफेसचे गाणे या पेचातून वाट दाखविते. त्यात 'व्यवस्था' हा शब्द नाही. तरीही ते ऐकणाऱ्याला क्षणभरही असे वाटत नाही की हा आजार आभाळातून पडला. ही भीती कोणत्या शहरात राहते, कोणत्या धंद्यात वाढली, कोणाच्या गाडीचे दिवे खिडकीवर पडले की धडधडते, हे सारे त्यात आहे. मनाचा आजार आहे. आणि त्याला पत्ता आहे. पत्त्यासह सांगितलेली भीती व्यवस्थेला मोकळे सोडत नाही. उलट, ती पुरावा होते. विद्रोहाची भाषा ज्याला दाराबाहेरून पकडते, त्याला ही भाषा घरात शिरून पकडते.

त्याची पुढची वाटचालही याच दिशेने गेली. १९९४ च्या 'द डायरी' या संग्रहातील 'आय सीन अ मॅन डाय' या गाण्यात तुरुंगातून सुटून आलेला एक तरुण मरतो आहे आणि निवेदक त्याच्याशी अखेरपर्यंत बोलत राहतो. जणू उशाशी बसलेले एखादे वडीलधारे माणूस. तेवीस वर्षांच्या पोराने मरणाऱ्याचा हात असा हातात घ्यावा! १९९७ साली 'द अनटचेबल' हा संग्रह यादीत पहिला आला. त्या शीर्षकाचा अर्थ तिकडे 'ज्याला कोणी हात लावू शकत नाही असा' एवढाच आहे. आपल्याला तो शब्द वाचताना वेगळे वाटल्यावाचून राहत नाही. पुढे तो डेफ जॅम या न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपनीच्या दक्षिण शाखेचा प्रमुख झाला. 'द फिक्स' (२००२) मध्ये त्याने आपल्या वस्तीवर गाणे रचले; त्यात वस्तीची तक्रार नाही, तिची ओळख आहे. २०१९ साली जूनमध्ये बुशविक बिल कर्करोगाने गेला. त्याच वर्षी ब्रॅड जॉर्डन ह्यूस्टन नगर परिषदेच्या 'डी' विभागातून निवडणुकीला उभा राहिला, डिसेंबरच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि हरला. विजयी झाल्या त्या कॅरोलिन इव्हान्स-शाबाझ या काळ्या स्त्री उमेदवार. २०२० साली करोनाने त्याची मूत्रपिंडे निकामी केली. डायलिसिसवर असतानाही तो आपल्या आजाराविषयी जाहीरपणे बोलत राहिला. २०२१ मध्ये त्याच्या मुलाने त्याला आपले मूत्रपिंड दिले. तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यात ज्याला मुलाच्या आठवणीने मरणाच्या दारातून मागे आणले होते, त्याला मुलानेच पुन्हा जगविले. हे मी कलाटणी म्हणून सांगत नाही. जो बोलला तो वाचू शकला, एवढेच सांगतो.

मी स्कारफेसला आदर्श म्हणून पुढे करीत नाही. त्याच्या लेखनातले पुष्कळ टाकण्यासारखे आहे. आणि भीती हेच दलित साहित्याचे केंद्र व्हावे असेही माझे म्हणणे नाही. नकार आणि संघर्ष यांनीच आपल्याला माणूस म्हणून उभे केले. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या साहित्यात लढणाऱ्याला भीती वाटण्याची परवानगी नाही, त्या साहित्यातला लढणारा हळूहळू पुतळा होतो. पुतळ्याला झोप न येण्याचा प्रश्न नसतो.

त्या विद्यार्थिनीच्या कवितेतही पत्ता होता. वसतिगृह होते, जिना होता, 'काढून लावणे' हा शब्द होता. कोणाच्या मनात हा शब्द रात्री येतो आणि कोणाच्या येत नाही, हे शिक्षकाने ओळखायला हवे होते. मी कवितेत घोषणा शोधत राहिलो. परीक्षा संपण्यापूर्वी तिला बोलावून मी ती कविता पुन्हा मागणार आहे. ती देईल की नाही हे तिने ठरवायचे. शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे : असा कागद तुमच्या हाती आला तर 'विद्रोह कुठे आहे?' हे विचारण्यापूर्वी, लिहिणारा रात्री झोपला होता की नाही हे विचारा.